तुर्की व्यंगसाप्ताहिकांचे जुने अंक: काय घ्यावं, काय तपासून घ्यावं

इस्तंबूलच्या जुन्या बाजारातून तुर्की व्यंगसाप्ताहिकं आणणारे बहुतेक जण मुखपृष्ठ बघून अंक उचलतात. तेव्हाचे पंतप्रधान देमिरेल किंवा ओझाल यांचं भलंमोठं डोकं असलेलं 'गर्गर', एर्दोआन यांच्यावरचं 'पेंगुएन', कोर्टात गाजलेलं 'लेमान'. वस्तू देखणी असते, चौकट करून भिंतीवर लावता येते. वाचायला बसलं की मात्र दोन मिनिटांत संपते, कारण मुखपृष्ठ त्या आठवड्याच्या बातमीला बांधलेलं असतं. बातमी विसरली गेली की विनोदही विझतो. या साप्ताहिकांचं खरं धन आतल्या पानांत आहे. पैसे मोजावेत ते त्या पानांसाठी, आणि अंक तपासावा तोही आतून.

अंक साधारण १६ पानांचा. कागद वर्तमानपत्राचा, स्वस्तातला. मुखपृष्ठावर एकच मोठं चित्र, वर मथळा, एक-दोन संवादांचे फुगे. उघडल्यावर सुरुवातीला चालू घडामोडींची पानं, तिथे छोटी छोटी चित्रं दाटीवाटीने बसवलेली. त्यापुढे सुरू होतात 'कोशे', म्हणजे कोपरे. एकेका चित्रकाराची ठरलेली जागा: कुणाला पाव पान, कुणाला अर्धं, कुणाला अख्खं. दर आठवड्याला तोच माणूस त्याच जागी आपली तीच पात्रं घेऊन येतो. ('कोशे' हा फारसी 'गोशा'चा तुर्की अवतार. आपला 'गोषा'ही त्याच घरातला.) वाचक अंक घेतो तो आपल्या कोपऱ्यासाठी. लेमानमधला तुंजाय आकगुन यांचा 'बेझगिन बेकिर' घ्या. बेझगिन म्हणजे सगळ्याला कंटाळलेला. हा बेकिर आडवा पडलेला असतो आणि जागचं हलणंही त्याच्या जिवावर येतं. त्याला समजायला त्या आठवड्याच्या बातम्या ठाऊक असाव्या लागत नाहीत. म्हणून तो तीस वर्षांनीही ताजा वाटतो आणि त्याच अंकाचं मुखपृष्ठ शिळं होतं.

आता एकेक नाव. पहिलं अर्थातच गर्गर.

नावाच्या उच्चारापासून सुरुवात करू, कारण दुकानात तोच कामी येतो. तुर्की लिपीत टिंब नसलेला 'आय' असतो, त्याचा उच्चार आपल्या 'अ'च्या जवळ जातो. म्हणून 'गिरगिर' नव्हे, 'गर्गर'. मराठीतल्यासारखं 'गरगर' म्हणालात तरी दुकानदाराला कळेल. अर्थ थट्टामस्करी. 'गर्गर गेचमेक' म्हणजे चेष्टा करणं, आणि गालिच्यावरून हाताने ढकलायच्या झाडणीलाही गर्गरच म्हणतात. ओउझ आराल यांनी 'गुन' या वर्तमानपत्रातल्या विनोदी पानापासून सुरुवात केली आणि १९७२ मध्ये ते स्वतंत्र साप्ताहिक झालं. १९८०च्या दशकात खप पाच लाखांच्या घरात गेला. १९८०च्या शिरगणतीत तुर्कस्तानची लोकसंख्या साडेचार कोटींच्या आसपास होती, त्यावरून या आकड्याचं वजन कळेल. घरात दूरचित्रवाणी म्हणजे एकटी सरकारी टीआरटी. १९८०च्या लष्करी उठावानंतर पक्ष बंद, वर्तमानपत्रं दबलेली. अशा वेळी रस्त्यावर लोक जसं बोलतात तसं बोलणारी छापील वस्तू जवळजवळ ही एकच होती.

गर्गरचं चित्र लांबून ओळखू येतं. जाड बाह्यरेषा, बटाट्यासारखी नाकं, चौकटीत माणसांची गर्दी, मागे भिंतीवरचा पोपडा किंवा लटकणारी वायरसुद्धा काढलेली. विनोद सुचवणारा एक आणि चित्र काढणारा दुसरा, अशी विभागणीही चाले. विनोदाला तुर्कीत फ्रेंचवरून आलेला 'एस्प्री' हा शब्द आहे, त्यामुळे चित्राच्या कडेला दोन नावं दिसली तर एक एस्प्रीवाल्याचं समजावं.

पण गर्गर घ्यायचं ते एका खास पानासाठी: 'चिचेई बुरनुंदा'. शब्दशः अर्थ, फूल नाकावर असलेला. काकडी किंवा दुधी वेलीवरून नुकता काढला की टोकाला वाळकं फूल चिकटलेलं असतं, भाजीवाला ते ताजेपणाची खूण म्हणून दाखवतो. त्यावरून तुर्कीत कोवळ्या, नवशिक्या माणसाला हे विशेषण लागतं. या पानावर देशभरातून आलेली हौशी पोरांची चित्रं छापली जात. शाळकरी मुलं, कारखान्यातले कामगार, तालुक्याच्या गावातला कुणी. आराल चित्रं स्वतः बघत, दुरुस्त्या सांगत, आणि ज्याची रेषा बसली त्याला आत घेत. पुढच्या चाळीस वर्षांत निघालेलं जवळपास प्रत्येक मोठं व्यंगसाप्ताहिक या पानावर वाढलेल्या किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींनी काढलं. सलग दोन-तीन वर्षांचे अंक मिळाले तर या एका पानावर चित्रकार घडताना दिसतो: आधी डळमळीत रेषा, मग फुग्यातला मजकूर कमी होत जातो, मग एके दिवशी तेच नाव आतल्या कोपऱ्यावर. तुर्की व्यंगचित्रकलेवर यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

दोषही सांगायला हवेत. गर्गरमधल्या बायका बहुतेकदा एक तर भरलेल्या छातीच्या, नाही तर लाटणं घेतलेल्या. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाची भाषा आणि कपडे हाच विनोद, असंही पुष्कळदा होतं. आणि अक्षरं इतकी गिचमिड की फोटो काढून मोठी करून वाचावी लागतात.

घ्यायचं तर १९८९ पर्यंतचंच घ्या. त्या वर्षी साप्ताहिक दुसऱ्या मालकाकडे गेलं, आराल आणि त्यांची माणसं बाहेर पडली आणि त्यांनी 'आवनी' काढलं. त्यापुढचं गर्गर म्हणजे तेच नाव, वेगळा हात. विक्रेते दोन्ही एकाच गठ्ठ्यात ठेवतात आणि एकाच भावाने विकतात, म्हणून तारीख बघितल्याशिवाय गठ्ठा उचलू नका. हे नाव घेतलेलं शेवटचं साप्ताहिक २०१७च्या फेब्रुवारीत एका चित्रावरून वाद झाल्यावर मालकांनीच बंद केलं.

गर्गरमधून फुटणं ही पुढे परंपराच झाली. १९८६ मध्ये एक गट बाहेर पडून 'लिमोन' (लिंबू) निघालं, १९८९ मध्ये आणखी एक फुटून 'हबर'. लिमोन 'गुनेश' वर्तमानपत्राच्या आसऱ्याला होतं. हे वर्तमानपत्र आसिल नादिर यांच्या ताब्यात होतं, त्यांचा पॉली पेक उद्योग १९९० मध्ये कोसळला आणि लिमोनच्या पायाखालची जमीन गेली. तेव्हा चित्रकारांनी ठरवलं की आता मालक नको, आणि १९९१ मध्ये स्वतःच 'लेमान' काढलं. नावातही लिमोनची सावली ठेवली.

या ठिकाणी थांबून सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं बळ आणि दुखणं इथेच आहे. मालक चित्रकार स्वतः, जाहिराती नावापुरत्या, पैसा येणार तो टपरीवरच्या विक्रीतून. जाहिरातदार नाही म्हणून त्याला सांभाळायचं नाही, वरून फोन येणार नाही. पण हिशेबाच्या वहीत गादीही नाही. दंड झाला, कागद महागला, वितरकाने गठ्ठे उशिरा टाकले, की थेट पोटावर येतं. इझमितचा सरकारी सेका कागद कारखाना २००५ मध्ये बंद झाला, त्यानंतर वर्तमानपत्री कागद बाहेरून येतो. २०१८ मध्ये तुर्की चलन लिरा घसरलं आणि कागदाचा भाव चढला. त्याच वर्षी दोन मोठ्या वितरकांपैकी एकाने काम थांबवलं, देशभर मासिकं पोचवणारं एकच जाळं उरलं. अंक किती बारीक होत गेले, कोपरे कसे कमी झाले, हे त्या वर्षांचे अंक शेजारी ठेवले की हातालाच कळतं.

संग्रहासाठी लेमानची १९९०ची वर्षं सर्वांत उजवी, हे ठाम मत. रेषा गर्गरपेक्षा मोकळी, शहरातल्या रात्रीचं आयुष्य आत आलेलं, लिखित विनोदाला भरपूर जागा. फेय्हान गुवेर यांचा 'बायरगुलु' कोपरा मुद्दाम शोधा. गावाकडच्या बाईच्या तोंडचं रोखठोक बोलणं इतक्या मायेने काढलेलं दुसरीकडे सापडत नाही. लेमानच्याच घरचं 'ले-मान्याक' हे मासिक १९९६ पासूनचं. त्यात शरीर, शिव्या, रक्त सगळं उघड आहे, बुलेंत उस्तुन यांचं दुष्ट मांजर 'शेराफेत्तिन' तिथलंच. हे मुलांसाठी नाही. तुर्कस्तानात अल्पवयीनांना घातक मजकुराविरुद्ध १९२७चा १११७ क्रमांकाचा कायदा आहे, त्याखाली काही अंक बंद पिशवीत विकावे लागत. पिशवीला 'पोशेत' म्हणतात. पिशवीतच राहिलेला अंक जास्त पैसे देऊन घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण प्लास्टिकमध्ये कोंडलेला कागद आतल्या आत तपकिरी झालेला असतो.

'पेंगुएन' २००२ मध्ये लेमानमधून फुटलं. मेतिन उस्तुनदा, सेल्चुक एर्देम, एर्दिल याशारओलू आणि बाहादर बारुतेर हे चौघे. परदेशात सर्वांत नाव याचंच, कारण मुखपृष्ठं. २००४ मध्ये 'जुम्हुरियेत' दैनिकात मुसा कार्त यांनी पंतप्रधान एर्दोआन यांना लोकरीच्या गुंड्यात गुरफटलेलं मांजर म्हणून काढलं, खटला झाला, दंड झाला. त्यावर पेंगुएनने २००५च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठावर प्राण्यांचा तक्ता छापला, शाळेत भिंतीवर असतो तसा: हत्ती, जिराफ, माकड, उंट, बेडूक, साप, गाय, बदक, आणि प्रत्येकाला एर्दोआन यांचाच चेहरा. यावर ४०,००० लिरांचा दावा झाला, २००६ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. पुढे एर्दोआन यांच्यावरच्याच २०१४च्या एका मुखपृष्ठावरून बारुतेर आणि ओझेर आयदोआन यांना २०१५ मध्ये ११ महिने २० दिवसांची शिक्षा झाली, ती प्रत्येकी ७,००० लिरा दंडात बदलली गेली. या दोन निकालांमधलं अंतर हा त्या दशकाचा इतिहास आहे आणि म्हणून हे दोन अंक संग्रहात असायला हरकत नाही. पण २००५चा प्राण्यांचा अंक घेताना जपून. त्याचं मुखपृष्ठ जालावर सहज मिळतं, सुटं छापून जुन्या अंकाला जोडणं अवघड नाही. मुखपृष्ठाचा कागद आतल्या पानांइतकाच पिवळा पडलाय का, घडी एकच आहे का, आणि पान १च्या मागे पान २ आहे का, हे तीन प्रश्न विचारले की पुरे.

तुर्की नुकतंच शिकणाऱ्याने सुरुवात पेंगुएननेच करावी. सेल्चुक एर्देम आणि एर्दिल याशारओलू यांची एका चौकटीतली प्राण्यांची चित्रं, फुग्यात चार-पाच शब्द, व्याकरण सरळ. २०१७ मध्ये हे साप्ताहिक बंद झालं. शेवटच्या वर्षांचे अंक पातळ वाटतात, २००३ ते २०१० मधले भरीव आहेत.

'उयकुसुझ', म्हणजे झोप नसलेला, २००७ मध्ये पेंगुएनमधून बाहेर पडलेल्या तरुणांचं. यीत ओझ्गुर, उमुत सारकाया, एर्सिन काराबुलुत, उउर गुरसोय. माझ्या पसंतीत लेमाननंतर हेच. गुरसोय यांचा गुबगुबीत पोरगा 'फरात' आणि त्याची गल्ली, काराबुलुत यांची पूर्ण पानभर रंगवलेली, घरातल्या जेवणाच्या टेबलापासून सुरू होऊन अंगावर येणारी गोष्ट, यांसाठी अंक जपून ठेवावा. यीत ओझ्गुर यांची चित्रं बघायला सगळ्यांत साधी आणि समजायला सगळ्यांत कठीण. दोन माणसं समोरासमोर उभी, पार्श्वभूमी रिकामी, सगळा विनोद एका शब्दाच्या दोन अर्थांत. शब्दकोश घेऊन बसलात तर हातातून निसटतो. वर्षभर तुर्की ऐकल्यावर परत उघडा.

'बायान यान' हे स्त्रियांनी काढलेलं मासिक, लेमानच्याच परिवारातलं, २०११ मध्ये आठ मार्चच्या निमित्ताने सुरू झालं. तुर्कस्तानच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये तिकीट देताना एकट्या बाईला बाईशेजारची जागा देतात, त्या जागेला 'बायान यान', बाईच्या बाजूची, म्हणतात. रामिझे एरेर यांच्यासारख्या मुरलेल्या चित्रकर्त्या यात आहेत. गर्गरमधल्या लाटणंवाल्या बायकांनंतर हे वाचलं की तीस वर्षांत काय बदललं ते एका बैठकीत दिसतं. जुन्या बाजारात हे स्वस्त मिळतं, कारण संग्राहकांचं अजून लक्ष गेलेलं नाही. आत्ताच घेऊन ठेवा.

एक ताकीद. २०१६च्या जुलैमधल्या उठावाच्या प्रयत्नानंतरचा लेमानचा विशेषांक आणि २६ जून २०२५चा अंक जप्तीच्या आदेशाखाली आले. दुसऱ्या अंकातल्या एका चित्रावरून ३० जूनला इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या कार्यालयावर जमाव चालून गेला आणि चित्रकार दोआन पेहलेवान यांना अटक झाली. चित्र प्रेषितांचं आहे असा आरोप होता, तर ते इस्रायलच्या बॉम्बहल्ल्यात मारल्या गेलेल्या एका सामान्य मुसलमानाचं आहे असं साप्ताहिकाने सांगितलं. असे अंक दुकानात मागू नका. मागणारा परदेशी घरी निघून जातो, अडचणीत येतो तो विकणारा.

आता खूप जुन्याबद्दल थोडक्यात. पहिलं ऑटोमन तुर्की व्यंगपत्र 'दियोजेन', १८७०, तेओदोर कासाप यांचं. मग त्यांचंच 'हायाल'. या हायालमध्ये १८७७ मध्ये आलेलं एक चित्र तुर्की व्यंगचित्रांतलं सर्वांत थोर चित्र मानायला हवं. छायाबाहुल्यांच्या खेळातली जोडी, कारागोझ आणि हाजिवात. कारागोझचे हातपाय साखळदंडाने बांधलेले. हाजिवात विचारतो, "नेदिर बू हाल, कारागोझ?" उत्तर येतं, "कानून दाइरेसिंदे सेरबेस्ती, हाजिवात!" हे काय हाल? कायद्याच्या दायऱ्यातलं स्वातंत्र्य! हाल, कानून, दायरा: मराठी कानाला तीन शब्द न शिकवता कळतात. १८७६च्या राज्यघटनेत १२व्या कलमात वृत्तपत्रं 'कायद्याच्या दायऱ्यात' मुक्त आहेत असं लिहिलं होतं, कासापांनी तेच शब्द उचलून साखळीखाली ठेवले. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर सुलतान अब्दुल हमीद यांच्या राजवटीत १९०८ पर्यंत देशात व्यंगपत्र निघू शकलं नाही.

या काळातले मूळ अंक घेण्याच्या भानगडीत सामान्य वाचकाने पडू नये. ते अरबी लिपीत आहेत, महाग आहेत, आणि ऑटोमन काळातल्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर २८६३ क्रमांकाच्या कायद्याचे निर्बंध आहेत. इस्तंबूलच्या बेयाझित ग्रंथालयातल्या हक्की तारिक उस संग्रहातली नियतकालिकं स्कॅन झालेली आहेत, ती वाचावीत. मथळ्याजवळची तारीख बऱ्याचदा रूमी, म्हणजे ऑटोमन सरकारी पंचांगाची असते: त्यात ५८४ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी-फेब्रुवारीचा अंक असेल तर ५८५. म्हणजे १३२४ दिसलं की १९०८, स्थगित राज्यघटना परत लागू झाली ते वर्ष, त्या उन्हाळ्यानंतर व्यंगपत्रांचा पूर आला. त्यातलं 'कालेम' अर्धं फ्रेंचमध्ये असल्याने वाचायला सोपं.

वर्तमानपत्रांना लॅटिन लिपी सक्तीची झाली १ डिसेंबर १९२८ पासून. 'आकबाबा' (गिधाड) हे १९२२ ते १९७७ असं लांब चाललेलं साप्ताहिक दोन्ही लिपींत आहे. विक्रेता 'आकबाबा' एवढंच म्हणाला तर वर्ष विचारा. आकबाबा सुबक आहे, छपाई नीटनेटकी आहे, पण धार कमी. संपादक युसुफ झिया ओर्ताच स्वतः खासदार होते, तो सांभाळून चालण्याचा स्वभाव पानापानांत जाणवतो.

याच्या अगदी उलट 'मार्कोपाशा'. नोव्हेंबर १९४६, एकपक्षीय राजवट नुकतीच संपलेली, पण सत्ता अजून त्याच पक्षाची. सबाहत्तिन अली, अझीझ नेसिन, रफात अल्गाझ हे लिहिणारे, मिम उयकुसुझ चित्रं काढणारे. तुर्कीत म्हण आहे, 'तुझं दुःख मार्को पाशाला सांग', म्हणजे इथे ऐकणारं कुणी नाही. नाव तिथून. खप ६०,००० वर गेल्याचं सांगतात. बंदी आली की नाव बदलायचं: 'मेर्हुमपाशा' म्हणजे कैलासवासी पाशा, मग 'मालूमपाशा' म्हणजे तोच तो, तुम्हाला माहीत असलेला पाशा. 'मर्हूम' आणि 'मालूम', पुन्हा आपल्या ओळखीचे शब्द. मथळ्याखाली ओळ असे: जप्त होत नाही तेव्हा प्रसिद्ध होतं. १९४८च्या एप्रिलमध्ये सबाहत्तिन अली यांचा बल्गेरियाच्या सीमेजवळ खून झाला. मूळ अंक अतिशय दुर्मिळ, मोजकी पानं, कागद ठिसूळ. समोर आला तर उघडताना दोन्ही तळहातांवर धरा, पानाच्या कोपऱ्याला धरून उलटू नका, कोपरा हातात येईल.

कुठे घ्यायचं? बेयोलूत मासळी बाजाराला लागून आस्लहान पासाज आहे, तिथे जुनी मासिकं आणि कॉमिक्सची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. बॉस्फरसच्या पलीकडे काडिकोयमध्ये आकमार पासाज. बेयाझित मशिदीजवळचा 'साहाफलार चार्शस' हा जुन्या पुस्तकांचा बाजार बघायला सुंदर, पण तिथे पाठ्यपुस्तकं आणि पर्यटकांची चित्रं जास्त, व्यंगसाप्ताहिकांसाठी पायपीट करू नका. जालावर 'नादिर किताप' या संकेतस्थळावर देशभरचे जुने पुस्तकविक्रेते आहेत. तिथे चार शब्द ओळखता आले पाहिजेत: 'साय' म्हणजे अंक, 'तकम' म्हणजे पूर्ण संच, 'एक्सिक' म्हणजे काहीतरी कमी, 'जिल्त' म्हणजे बांधीव खंड, आपला जिल्द. वर्णनात 'केसिक' दिसलं तर कुणीतरी कात्री चालवली आहे.

बांधीव खंड आकर्षक वाटतात, तरी शक्य तोवर सुटे अंक घ्या. बांधताना तिन्ही बाजू कापतात, आणि या साप्ताहिकांत चित्र पानाच्या कडेपर्यंत जातं, त्यामुळे फुग्यातलं शेवटचं अक्षर छाटलं जातं. मधल्या जोडपानावरचं मोठं चित्र शिवणीत गिळलं जातं, खंड पूर्ण उघडायला गेलात तर पाठ मोडते.

सुटा अंक तपासायची रीत अशी. १६ पानं म्हणजे घडी घातलेले ४ ताव. बाहेरच्या तावावर १, २, १५, १६. त्याच्या आत ३, ४, १३, १४. मग ५, ६, ११, १२. सर्वांत आत ७, ८, ९, १०. मधला ताव टाचणी नसेल तर सहज निसटतो, आणि अंक वरून अगदी धडधाकट दिसतो. म्हणून थेट मधोमध उघडा आणि पान क्रमांक बघा: डावीकडे ८, उजवीकडे ९ असायला हवं. ६ आणि ११ दिसलं तर मधला ताव गेला. रंग फक्त काही पानांवरच का, असा प्रश्न पडला तर तोही इथेच सुटतो. १ आणि १६ तावाच्या एकाच बाजूला छापली जातात, तशीच ८ आणि ९, म्हणून खर्च वाचवायचा तर रंग या जोड्यांनाच देतात. पुढचा तपास हौशी चित्रांच्या पानाचा. ज्याचं चित्र छापून आलं त्याने किंवा त्याच्या आईने ते कापून ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. चौकोनी भोक दिसलं की मागच्या पानावरचा कोपराही गेला असं धरा, आणि भाव निम्म्यावर आणा.

भाषेची भीती बाळगू नका. इंग्रजीवरून तुर्कीकडे जाणाऱ्याला वाक्य उलटं वाटतं, मराठीवरून जाणाऱ्याला सुलटं. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाला मागून चिकटलेले. 'गेल्दी' म्हणजे आला, 'गेल्दी मी?' म्हणजे आला का? 'का' जिथे आपण ठेवतो तिथेच ते 'मी' ठेवतात. एक प्रत्यय मात्र विनोदात सतत येतो आणि शिकूनच घ्यावा लागतो: 'मिश'. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. स्वतः पाहिलं नाही, ऐकलं. सरकारी घोषणा, शेजाऱ्याच्या बढाया, नवऱ्याची सबब, सगळ्यांच्या शेपटीला चित्रकार हा 'मिश' लावतात आणि तेवढ्यानेच वाक्य संशयास्पद होतं. फुगा कळत नसेल तर आधी क्रियापदाचं शेपूट बघा.

घरी आणल्यावर काळजी. वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेडाने आणि हवेने ते पिवळं पडतं आणि आम्ल धरून कागद ठिसूळ करतं. भिंतीवर उन्हासमोर लावलेलं मुखपृष्ठ काही महिन्यांतच फिकं होतं, लावायचंच तर प्रत काढून लावा. गंजलेल्या टाचण्या मागून पाय सरळ करून हलकेच काढा आणि ताव दोऱ्याने सैल बांधा. फाटलेल्या जागी सेलोटेप कधीही नको, त्याचा गोंद दोन-चार वर्षांत तपकिरी डाग सोडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आडवे, दहा-बारा अंकांची एक थप्पी याहून उंच नाही. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट पावसात कसर आणि बुरशी दोन्ही येतात, तेव्हा कपाट बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, जूनच्या आधी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दसऱ्याच्या सुमारास ऊन नव्हे, सावलीतला वारा दाखवा. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. आणि पेटीवर बाहेरून वर्ष लिहिताना आतल्या कोपऱ्यांची नावंही लिहा: बेकिर, बायरगुलु, फरात. शोधताना हात तिथेच जातो.